राजाबाईंनीं तूप सोडिलें ती हकीकत

श्री कपिलेश्वर प्रसन्न.

चिरंजीव सौभाग्यवती नीला, मुक्काम गुंजी, स्टेशनामागील क्वार्टर, हिजला वडील बहीण राजाबाई हिचे शहापुराहून अनेक आशीर्वाद. विशेष ऐसीजे, तुझें कार्ड पावलें कीं, तुझे यजमान स्टेशनमास्तर यांचे पोटांत आमचेच पोटासारखी व्याधि निघाली, डाक्तरांनीं तूप आणि तळण बंद केलें, तर ताई, तूं तें कसें निभावलेंस आणि तुझीं व्रतें कशीं वांचलीं तें लिहून कळीव. त्यावरून जें पोटांत सोसलें आणि जें दाराआडून ऐकिलें तितकें लिहिलें असे. लिहितांना मनांत आलें कीं, एका बाईनें तूप सोडलें ही गोष्ट इतकी क्षुल्लक कीं सरळ लिहिली तर टपालाचे तिकिटाची शरम वाटेल. म्हणोन राजेरजवाड्यांच्या मोहिमा लिहितात त्या बेतानें लिहिली. आणि बखरींत ‘मी’ म्हटल्यानें अदब राहत नाहीं, यास्तव आपणांसच ‘बाईसाहेब’ लिहिलें. घरांत कोणी तसें म्हणत नाहीं. कागदावर म्हणावयास कोणाची हरकत नसावी.

बाईसाहेबांचें राज्य शहापुरीं. तुळशीवृंदावनापासून परसांतील विहिरीपर्यंत मुलूख, मध्यें देव्हारा ही राजधानी आणि चूल हें तख्त. यजमान मार्तंडराव हे पलीकडे बेळगांवांत कचेरीचे अव्वल कारकून. शहापूर सांगलीकरांचें आणि बेळगांव इंग्रजांचें, म्हणोन रोज सकाळीं जेवून छत्री घेऊन एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत स्वारी जात असे आणि दिवेलागणीस माघारी येत असे. मागें राहिल्या मुलखांत अंमल बाईसाहेबांचे व्रतांचा. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष, ऐसा सरंजाम. आणि ज्या दिवशीं कांहींच नसे तो दिवस बाईसाहेबांस ओकाबोका वाटे, मग त्या दिवशीं आवळीखालीं दिवा तरी लावीत. आवाज इतका हळू कीं दुधाणींतील दूध उतूं गेलें तरी दुधासच ऐकूं जाईल ऐशा बेतानें बोलत. परंतु कीर्ति मोठी. गल्लींत कोणा सासूस सुनेवर रागें भरावयाचें जाहलें तर ‘त्या राजाबाई बघ, आठवड्यात जेवत्यात किती नि उपाशी किती’ ऐसें म्हणत, आणि बाईसाहेब खिडकीआड उभ्या राहून हें ऐकत आणि ‘देवा, अहंकार नको’ म्हणत, आणि पुन्हां एकदां ऐकूं येईल काय म्हणोन तेथेंच उभ्या राहत.

ऐसें राज्य चाललें असतां शके अठराशें चौसष्ट, माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र, ते दिवशीं सायंकाळीं गनीम प्रगट जाहला. आधीं छातीखालीं एक कळ निघाली, मग ती कळ पाठीस भिडली, मग पुढून मागून दोहींकडून कोंडी होऊन बाईसाहेबांस उभें राहवेना, निजवेना. एकच तोड सांपडली, ती ही कीं गुडघे टेकून, पुढें वाकून, कपाळ जमिनीस लाविलें असतां कळ तिळभर सैल पडे. तेव्हां देव्हाऱ्यापुढें त्या अवस्थेंत राहिल्या. इतक्यांत गल्लींतील बायका कपिलेश्वरास जातां जातां हांक मारावयास आल्या आणि उंबऱ्यांतच थबकल्या.

“बघा गं, कशी लीन झालीया,” एकजण हळूच म्हणाली. “बोलायचं भान न्हाय.”

“मघापासनं कण्हत्यात काय म्हणत्यात, कायतरी मंत्र असंल,” दुसरी म्हणाली. “शिवरात्र करावी तर अशी. न्हायतर आमी. देवळात गेलो, घंटा वाजवली, आलो.”

बाईसाहेबांस वैद्य बोलवा म्हणावयाचें होतें. परंतु ‘लीन’ हा शब्द कानीं पडला आणि वैद्याचें नांव ओठांतच राहिलें. बायका पायां पडून गेल्या. मग मार्तंडराव आले, त्यांनीं कपाळ उचलून पाहिलें तों घामानें चिंब आणि चेहरा चुन्यासारखा. भक्तींत इतका घाम येत नाहीं हें कचेरीच्या माणसास कळलें. ओवा दिला, हिंगाचें पाणी दिलें, तें तसेंच माघारें आलें. उजाडतांच टांगा करून, सरहद्द ओलांडून, बेळगांवीं डाक्तरांचे दवाखान्यांत रवाना जाहले.

डाक्तर मितभाषी, बोलणें कानडी वळणाचें पण स्पष्ट. पोट चांचपून, कलम हातीं घेऊन त्यांनीं विचारिलें.

“काल काय खाल्लात?”

“काही नाही. शिवरात्रीचा उपास होता.” हें इतकें हळू कीं डाक्तरांस खुर्ची पुढें ओढावी लागली.

“काहीच नाही?”

“काहीच नाही. सकाळी तेवढी साबुदाण्याची खिचडी.”

“बरं.”

“दाण्याचं कूट घालून. तुपात. मग दुपारी बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ. वर तूप, ते असतंच.”

“आणखी?”

“रताळ्याचा कीस, तुपावर परतलेला. ओल्या खोबऱ्याची वडी, देवाची म्हणून. सायीचं दही. आणि शेंगदाण्याचे लाडू, पण ते काही मोजायचे नाहीत, येताजाता खाल्ले.”

डाक्तरांनीं कलम खालीं ठेविलें आणि मार्तंडरावांकडे पाहून म्हणाले, “अव्वल कारकून, हा उपास मी केला असता तर मला उचलून आणावं लागलं असतं.”

मग त्यांनीं कागदावर चित्र काढून मुलखाची माहिती सांगितली ती ऐसी. जठराचे पिछाडीस एक किल्ला आहे, त्यास स्वादुपिंड म्हणतात. आमचे सात पिढ्यांत हा किल्ला कोणीं ऐकिला नव्हता. आम्हांस वाटे कीं पोटांत पोटच असतें. तर त्या किल्ल्यांतील फौजेचें काम हें कीं, अन्न खालीं उतरलें म्हणजे बाहेर पडून त्याचा समाचार घ्यावा. परंतु तुपातेलाचे लोंढे वरचेवर येऊं लागले म्हणजे कोणाकोणाचे किल्ल्यांत फौज बिथरते, बाहेर न पडतां आंतच बंड करते आणि आपलाच कोट कुरतडूं लागते. ती कळ ही. एकदां बंड जाहलें कीं किल्ला पहिल्यासारखा होत नाहीं. सांभाळून राहावें लागतें, जन्मभर. यास औषध थोडें आणि पथ्य फार.

मग बाईसाहेबांस दवाखान्यांत ठेवून घेतलें आणि पाण्याचे घोटाखेरीज मुखांत कांहीं पडूं दिलें नाहीं. बाईसाहेबांचे आयुष्यांतील पहिला खरा उपास तो हा. त्याचें पुण्य मागावें कीं न मागावें याचा निर्णय अद्याप जाहला नाहीं.

बंड निवल्यावर डाक्तरांशीं तह जाहला. तूप, लोणी, साय, तळण, दाणे, खोबरें यांणीं बाईसाहेबांचे मुलखांत पाऊल ठेवूं नये. एकदम पोटभर न जेवतां थोडें थोडें, दिवसांतून पुष्कळ वेळां खावें. एकादशीस हरकत नाहीं, परंतु उकडलेलें रताळें, वऱ्याचे तांदूळ आणि लोणी काढलेलें ताक, याबाहेर जाऊं नये. बाईसाहेबांनीं मान हलविली. घरीं येतांच मार्तंडरावांनीं पाटावर बसून स्वतंत्र हुकूम काढिला कीं, पुन्हां एकदां कळ आली तर सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादश्या, संकष्टी आणि प्रदोष, हें सर्व संस्थान खालसा करण्यांत येईल. देवाची पूजा करावी, उपास नांवास उरूं नये. यांत अर्ज-विनंती चालणार नाहीं. मार्तंडराव मनुष्य मऊ, परंतु टांग्यांत बाईसाहेबांचें डोकें मांडीवर घेऊन बसले तेव्हां फार भ्याले होते, आणि भ्यालेला मनुष्य कडक हुकूम काढतो. बाईसाहेबांस तूप गेल्याचें जितकें वाटलें नाहीं तितकें ह्या हुकुमाचें वाटलें. माहेराहून बरोबर आणिलें तें एवढेंच, एक बाळकृष्ण आणि हे वार. तेच काढून घेतले तर त्या घरांत बाईसाहेब कोण, हें त्यांचें त्यांसही सांगतां आलें नसतें. नीले, सारी मोहीम झाली ती तुपाकरितां नव्हे, ह्या संस्थानाकरितां, हें ध्यानीं असावें.

मग पथ्य सुरू जाहलें. यांत तूप सोडणें सोपें आणि खाणें कठीण, ऐसें उलटें निघालें. आजपर्यंत घरांतील सर्व जेवून, आवरून, मग शेवटीं पानावर बसावयाची वहिवाट. आतां डाक्तरांचे कलमान्वयें, पुरुषमाणसें उपाशी असतां, दहाचे सुमारास जोंधळ्याच्या कण्या खाव्या लागत. बाईसाहेब वाटी घेऊन कोठीचे दाराआड जात, फळीकडे तोंड करून खात आणि कोणी आलें तर वाटी पदराखालीं घेऊन डाळ निवडूं लागत. चोरास लाज वाटत नसेल इतकी कण्यांची लाज वाटली. तरी पोट शांत राहिलें आणि चैत्र-वैशाख निर्वेध गेले.

ज्येष्ठांत निपाणीहून आक्काताई निघाल्याची खबर आली. आक्काताई ह्या मार्तंडरावांच्या वडील बहीण, निपाणीस तंबाखूचे वखारवाल्यांकडे दिलेल्या. आई लहानपणीं वारली म्हणोन मार्तंडरावांस ह्यांनींच वाढविलें, आणि वाढविलें तें तुपावर. त्यांचे दफ्तरीं जगांतील सर्व व्याधींस कारण एक, अंगांत तूप नाहीं. आणि उपायही एक. भावजय दवाखान्यांत होती ऐसें ऐकतांच घरचे म्हशीचे तुपाची बरणी भरून निघाल्या. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाचे धुरावर चालत. तवंदीचे घाटांत मोटार दमली आणि उतारूंनीं उतरून ढकलली, त्या चढावर आक्काताई बरणी कडेवर घेऊन चालत आल्या. आणि एका उतारूनें ‘म्हातारे, बरणी गाडीत ठेव’ म्हटलें त्यास ‘तुझी गाडी चढंना, तिच्या भरवशावर ठेवू व्हय’ ऐसा जाब दिला. हें त्यांनींच उंबऱ्यांत सांगितलें आणि मग बाईसाहेबांकडे निरखून पाहिलें.

“अगं बाई, हे काय झालंय. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. मार्तंडा, तू हिला खायाला घालतोस का न्हाय?”

“आक्का, डाक्टरांनी तूप बंद केलंय,” मार्तंडराव म्हणाले.

“तुला लहानपणी देवी आल्या तवा कुठला डाक्टर आलता? तूपच खाऊन उठलास न्हवं?”

कचेरींत साहेबाचे तोंडावर कायदा सांगणारे मार्तंडराव येथें पायांचे अंगठ्याकडे पाहूं लागले. डाक्तरांचा कागद दाखविला. आक्काताईंनीं तो उलटा-सुलटा पाहून बरणीखालीं घातला, फडताळास डाग पडूं नये म्हणोन.

मग फितुरीस आरंभ जाहला. आक्काताई बाईसाहेबांस चुलीपुढून उठवून आपण वाढूं लागल्या. एके दिवशीं दुपारीं भाताची मूद पानावर आली ती वरून कोरडी, भोळी, कोणाचें वाईट न इच्छिणारी. बाईसाहेबांनीं बोट घातलें तों आंत तुपाची विहीर. पानांत टाकणें हें पाप, वडील नणंदेनें वाढलेलें टाकणें हें मोठें पाप, आणि खरें लिहावयाचें तर वास फार चांगला होता. बाईसाहेबांनीं विहीर उपसली. तिसरे प्रहरीं किल्ल्यांत गडबड उडाली. पहिल्याइतकी नाहीं, परंतु पुढें वाकविण्याइतकी. आणि त्याच समयीं रविवार असल्यानें मार्तंडराव ओसरीवर.

“काय होतंय?” त्यांनीं विचारिलें.

“नमस्कार घालते आहे. सूर्याला.”

मार्तंडरावांनीं आभाळाकडे पाहिलें. मृगाचे ढग असे दाटले होते कीं सूर्य कोणे बाजूस आहे हें ओळखूं येईना. पुराव्यावांचून शिक्षा न देणें हा कचेरीचा शिरस्ता. परंतु चहा न घेतां दिवेलागण होईपर्यंत तेथेंच बसून राहिले आणि निजण्यापूर्वीं एवढेंच म्हणाले कीं, पुढच्या नमस्काराला डाक्टरांनाच बोलावीन. बाईसाहेब समजल्या. आक्काताईंस सांगावें तर त्यांचें मन मोडतें, न सांगावें तर संस्थान जातें. गनीम शस्त्र घेऊन येता तर गांठ घालतां आली असती. हा माया घेऊन आला, आणि वाढपी होऊन आला.

ऐसा पेच पडला असतां आषाढ शुद्ध एकादशी आली. त्या दिवशीं कपिलेश्वराचे देवळांत बायका जमून चातुर्मासाचे नेम धरीत. जिला जें प्रिय तें चार महिने देवासाठीं सोडावयाचें आणि गुरुजी हातावर घालतील तें पळीभर पाणी ताम्हनांत सोडावयाचें. एकीनें वांगें सोडलें, एकीनें विड्याचें पान सोडलें, एकीनें गल्लींत चहाड्या करणें सोडलें, त्यावर बाकीच्या एकमेकींकडे पाहून घेत्या जाहल्या. मग आक्काताई म्हणाल्या, “मी च्या सोडला,” तेव्हां देऊळ चकित जाहलें, कां कीं आक्काताई उठल्यापासून निजेपर्यंत चहावर चालणारें माणूस. मग गुरुजींनीं बाईसाहेबांकडे पाहिलें. नीले, मसलत अशी कांहीं केलेली नव्हती. तें तोंडांतून निघालें.

“मी तूप सोडलं. आणि तळणही.”

“मोठ्यानं सांगा,” गुरुजी म्हणाले.

“तूप,” बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्या सबंध गल्लीनें त्यांचा आवाज त्या दिवशीं प्रथम ऐकिला.

त्या एका शब्दानें काय घडलें तें काय लिहावें. डाक्तरांचे कागदानें जें चार महिन्यांत साधलें नाहीं तें पळीभर पाण्यानें साधलें. डाक्तरांनीं बंद केलें म्हटलें असतां जग आग्रह करतें, ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणतें, ताट भरतें. देवासाठीं सोडलें म्हटलें कीं तेंच जग वाढणें मागें घेतें. दुसरे दिवशीं आक्काताईंनीं सवयीनें तुपाची पळी उचलली, ती हातांत तशीच राहिली, आणि पळी बरणींत परत ठेवून त्या म्हणाल्या, “चुकलो गं. नेम हाय तुझा.” वडील नणंद भावजयीस ‘चुकलो’ म्हणाली ही गोष्ट त्या घराण्यांत पूर्वीं घडल्याचें कोणास आठवत नाहीं. मग निपाणीस माघारी जातांना सांगून गेल्या कीं कार्तिकांत नेम सोडवायला येतो.

श्रावण गेला, भाद्रपद गेला. गणपतींत उकडीचे मोदक खोबऱ्याविणें, नुसत्या गुळाचे, तुपाविणें खाल्ले. दिवाळींत बाईसाहेबांनीं चकल्या, करंज्या, शंकरपाळीं कढई कढई काढलीं आणि चव पाहावयास मार्तंडरावांस हांक मारिली. बायका हळदीकुंकवास येत त्या पायां पडून जात. सदलग्याहून आलेली एक पाहुणी तर म्हणाली कीं आमच्याकडे साधू आलता, त्यानंबी तूप सोडलं नव्हतं. बाईसाहेब पदर सांवरून, डोळे खालीं घालून, ‘देवाची इच्छा’ म्हणत. किल्ला त्या काळांत इतका शांत कीं त्याचा विसर पडला. अंगावर मांस चढलें. पाठीस भिडणारी कळ कशी होती तेंही नीट आठवेना. आणि जसजसें पोट बरें होत चाललें तसतसें एक निराळें बंड उठलें. पूर्वीं तूप म्हटलें कीं कळ आठवे आणि भय वाटे. आतां भय गेलें आणि तूप तेवढें राहिलें. शेजारीं लोणी कढूं लागलें म्हणजे बाईसाहेब माळ घेऊन परसांत जात आणि कोणता मणि ओढला हें विसरत.

कार्तिक लागला तेव्हां गुरुजींस उद्यापनाचा विधि विचारिला. गुरुजींनीं व्यवस्था दिली कीं, जें सोडलें तें आधीं दान करावें, मग देवाचा प्रसाद म्हणोन आपण खावें, तेव्हां नेम सुटतो. न खाल्ल्यास नेम अपुरा राहतो आणि अपुरा नेम सर्व व्रतांस बाधतो. हें ऐकून बाईसाहेबांस पेच उमगला. ज्या तटाआड चार महिने राहिल्या त्याचा दरवाजा बाहेरून उघडणारा निघाला. खावें तर कळ, कळ आली तर संस्थान खालसा. न खावें तर संस्थान देवाघरींच बाद. मार्तंडरावांस विचारिलें तर ते म्हणाले, एक बोट चाट. बाईसाहेबांस आपलें बोट ठाऊक होतें. ज्येष्ठांत एकाच बोटानें विहीर उपसली होती.

कार्तिक शुद्ध द्वादशी, शके अठराशें पासष्ट, सुभानु नाम संवत्सर. आक्काताई आदल्या दिवशींच दाखल जाहल्या, बरोबर पहिलीहून मोठी बरणी. चार महिने घरांत कोणास न घालतां भावजयीसाठीं राखलेलें तूप, रवाळ, सोन्यासारखें. सकाळीं पूजा जाहली. गुरुजींस तुपाची वाटी आणि चहाची पूड दान दिली. मग देव्हाऱ्यापुढें दोन पानें मांडलीं, एकावर आक्काताई, दुसऱ्यावर बाईसाहेब. गुरुजी भुकेले, दाराशीं बसून वाट पाहत. मार्तंडराव खांबास टेकून. आक्काताईंनीं आधीं चहाचा पेला तोंडास लाविला, डोळे मिटून, एका दमांत संपविला, आणि चार महिन्यांचा श्वास सोडला. मग आपले पानावरील कोरडा भात तसाच ठेवून, बरणी ओढून, बाईसाहेबांचे भातावर तूप वाढलें. एक पळी. दुसरी पळी. भात दिसेनासा जाहला.

“खा गं माझी बाई. सुटला नेम. चार म्हैनं देवासाठी राह्यलीस, आता माझ्यासाठी खा.”

“आक्का,” बाईसाहेब म्हणाल्या, “मला हे सोसत नाही. डाक्टरांनी—”

“डाक्टरचं नाव काढू नगंस. नेम धरलीस तवा डाक्टरसाठी सोडलीस का देवासाठी?”

आक्काताईंनीं पळी बरणींत ठेविली. त्या रागावल्या नव्हत्या. रागावत्या तर बरें होतें.

“राजाबाई, खरं सांग. मी च्या सोडला, तर आठ दिस डोकं फुटंस्तवर दुखलं. तू तूप सोडलंस, तर तुझं दुखायचं थांबलं. ह्यात देवाला काय मिळालं गं?”

हा घाव वर्मीं बसला. कपिलेश्वराचे देवळांतील बायका, सदलग्याची पाहुणी, खालीं घातलेले डोळे, सारें एका क्षणांत पुढें आलें आणि बाईसाहेबांस पाटावर बसवेना. डाक्तरांनीं हिरावून घेतलेलें उचलून देवापुढें ठेविलें आणि त्यावर पायां पडून घेतलें, हें जितकें खरें तितकेंच समोरचें तूपही खरें. तें भातांत उतरत होतें, त्याची वाफ नाकास लागत होती, आणि किल्ल्यांत सर्व शांत. एक घास खाल्ला असता तर कदाचित कांहींही न होतें. आणि तोच मोठा धोका होता.

मग बाईसाहेबांनीं पंचपात्रीतून पळीभर पाणी उजवे हातावर घेतलें.

“आक्का, तुम्ही म्हणता ते खरं आहे. आषाढात मी देवाला काही दिलं नाही. तेव्हा मला तुपाचं भय होतं. भय कुणी देवाला देतं का? आता भय गेलंय. आज हे पान बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलंय, तुमच्या गळ्याची शपथ. आज खायची इच्छा आहे, म्हणून आज सोडते. जन्माचं.”

आणि पाणी ताम्हनांत सोडलें.

मार्तंडरावांनीं खांब सोडला. मग गुरुजींनीं, भुकेनें कीं शास्त्रानें तें ठाऊक नाहीं, ताबडतोब निवाडा दिला कीं, जन्माच्या सोडण्यास उद्यापन नसतें, ह्यांचा नेम पुरा, आणि पंगत वाढावी.

आक्काताई बरणीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, “चार म्हैनं साठिवलं मी. नातवाला दिलं न्हाय.”

“ठाऊक आहे, आक्का.”

“जन्माचं म्हणजे, मी मेल्यावर माझ्या तेराव्यालासुदा न्हाय?”

“नाही.”

“मग मरून तरी काय उपेग,” आक्काताई म्हणाल्या, आणि बाईसाहेबांचें पान धरून आपल्याकडे ओढलें आणि आपलें कोरड्या भाताचें पान बाईसाहेबांपुढें सारलें. “आण हिकडं. तुझं मी खातो. पानात टाकायचं न्हाय.” मग मार्तंडरावांस हुकूम केला कीं ताक आण, आणि वरचं लोणी काढून आण, तुझ्या डाक्टरला सांगू नगंस मी म्हणालो म्हणून. आणि तें ताक बाईसाहेबांचे भातावर आपले हातानें वाढलें, जपून, जसें आजवर तूप वाढीत.

ऐसी लढाई जाहली. बाईसाहेब ताकभात जेवल्या. तिसरा प्रहर उलटला, सायंकाळ जाहली, सर्वांचे डोळे बाईसाहेबांचे पोटावर. कळ आली नाहीं. मार्तंडरावांनीं खालसाचा हुकूम मागें घेतला आणि सर्व वार, एकादश्या, संकष्टी व प्रदोष, उकडलेले रताळ्यासह, वंशपरंपरा कायम केले. आक्काताई मात्र दोन पळ्या तुपाचा भात एका बैठकीस खाऊन संध्याकाळीं ओवा चघळत ओसरीवर पडून होत्या आणि ‘काय झालं न्हाय, जरा वारा घेतो’ म्हणत होत्या.

नीले, तुझे स्टेशनमास्तरांस एवढें कळीव कीं, गनीम मारला गेला नाहीं. तो किल्ल्यांतच आहे, आमचेच कण्यांवर राहतो आणि बहुतकरून निजलेला असतो. त्यास उठवावयाचें नाहीं, एवढीच फत्ते, आणि ती रोज दहा वाजतां नव्यानें मिळवावी लागते. बाईसाहेब आतां कण्या चुलीपुढें बसून खातात, दाराआड जात नाहींत. तोंड अद्याप फळीकडे असतें. तूप आठवतें. आठवतें म्हणोनच त्यास सोडलें म्हणतां येतें, ऐशी समजूत घालून घेतली आहे, कोणे दिवशीं पटते, कोणे दिवशीं नाहीं.

तिसरे दिवशीं आक्काताई परत निघाल्या. टांग्यांत बसल्या, बरणी मांडीवर घेतली, आणि खालीं उभ्या बाईसाहेबांकडे न पाहतां, टांगेवाल्याचे पाठीकडे पाहून विचारिलें.

“मग फुडल्या खेपंला काय आणू तुला?”

“रताळी आणा, आक्का. निपाणीकडची गोड असतात.”

“रताळी,” आक्काताई म्हणाल्या, जसें कोणी खंडणीचा आंकडा ऐकून म्हणावें. मग पदरानें बरणीचें तोंड पुसलें आणि म्हणाल्या, “बरं. पोतंभर आणतो.”

तहावर उभयतांची मान्यता जाहली. टांगा वळणाआड जाईपर्यंत बाईसाहेब दारांत उभ्या होत्या. चुलीवर आधण आलें आहे, कण्या वैरावयाच्या. येथें कलम थांबविलें.